जुनी समई घरीच उजळू या

(दीप अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गटाने रेडिओवर केलेले भाषण)

स्वयंपाक आवरला असेल, नसेल तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आषाढ संपत आला. या दिवसांत घराघरांतून माळ्यावरचं बोचकं खाली येतं. आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. पुरुषमंडळींनी या अमावास्येचं दुसरंच नाव करून ठेवलंय, ते असो. आपल्यासाठी ती दिव्यांची अवस. घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे. समई, निरांजन, लामणदिवा, गोठ्यातला कंदील, काही घरांत तर बॅटरीसुद्धा. भोवती रांगोळी, हळदकुंकू, आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य.

पण बोचकं सोडलं की पहिला प्रश्न पडतो तो आजेसासूबाईंच्या समईचा. काळी पडलेली, तेलाने चिकट झालेली, सांध्यात हिरवी बुरशी आल्यासारखी दिसणारी. मग घरात कुणीतरी म्हणतं, "मोडीत घाला आणि नवी आणा." दुसरं कुणी म्हणतं, "सोनेरी स्प्रे मारू, पाच मिनिटांचं काम." आम्ही आज सांगणार आहोत तो तिसरा मार्ग. समई घरीच उजळायची. खर्च शंभर रुपयांच्या आत, वेळ एक दुपार. आणि असं का करायचं, तेही सांगणार आहोत. कारण त्या समईत पितळेशिवाय आणखी काहीतरी असतं.

आधी समई उलटी करा

घासायला घेण्याआधी समईचा तळ बघा. बैठकीच्या कडेला किंवा खालच्या बाजूला टिंबाटिंबांची अक्षरं दिसतात का? पूर्वी भांडं घेतलं की दुकानदार बारीक छिन्नीने टोचून त्यावर नाव घालून द्यायचा. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मुंजीत, वास्तुशांतीला कुणी दिली, कोणत्या साली दिली, असं सगळं त्या एका ओळीत असतं.

आता जरा विचार करा. आपल्या आजीचं, पणजीचं नाव आणखी कुठे लिहिलेलं सापडेल? बहुतेक घरांत सातबाऱ्यावर नाही. शाळेच्या दाखल्यावर नाही, कारण शाळाच नव्हती. घराच्या दारावर तर नाहीच. भांड्यांवर मात्र असतं. माहेरून आलेल्या समईवर, परातीवर, घंगाळावर. कितीतरी बायकांच्या नावाची घरात उरलेली लेखी खूण एवढीच असते.

आमच्या गटातल्या एका ताईंनी मागच्या वर्षी समई तालुक्याच्या गावी एका दुकानात चकाकीला दिली. परत आली ती सोन्यासारखी चमकत, पण तळावरचं आईचं नाव गेलं होतं. मोटरच्या चाकावर दाबून धरलं की वरचा थर निघून जातो, आणि उथळ अक्षरं त्याच्याबरोबर जातात. मोराच्या पिसांवरची नक्षीही बोथट झाली होती. दुकानदाराने चूक केली असं त्याला वाटलंच नाही. त्याला चकाकी सांगितली होती, त्याने चकाकी दिली.

म्हणून पहिलं काम घासणं नाही. पहिलं काम नावाचा छाप घेणं. पातळ कोरा कागद अक्षरांवर ठेवा, हलू देऊ नका, आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा. अक्षरं पांढरी उमटतात. डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही कधीकधी अशी वाचता येतात. तो कागद घराच्या कागदपत्रांत ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईला विचारा, ही कोण? उत्तर मिळालं तर त्याच कागदामागे लिहून ठेवा.

धातू कोणता ते ओळखा

सगळं पिवळं पितळ नसतं. घरात लोहचुंबक असेल तर समईच्या प्रत्येक भागाला लावून बघा. पितळेला आणि तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. अशा दिव्याला आंबट काही लावायचं नाही, घासायचंही नाही. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, आणि लगेच कोरडा करणं. एवढंच. मुलामा एकदा गेला की खालचं लोखंड गंजायला लागतं.

दिवा हाताला फारच हलका लागला आणि रंग पांढुरका असेल, तर ते ॲल्युमिनियम. त्याला पुढे सांगतो तो धुण्याचा सोडा अजिबात लावू नका, तो ॲल्युमिनियम खातो आणि दिवा काळा पडतो.

आणि चुंबक चिकटला नाही, वजनही भरपूर आहे, तळाच्या आतल्या बाजूला पिवळा रंग दिसतोय, तर निर्धास्त व्हा. ते पितळ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, त्यात तांबं जास्त. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

समई कुठे झाळलेली आहे का, तेही बघा. खांबाला किंवा तबकाला राखाडी रंगाचा जोड दिसला, तर ते झाळकाम. जुन्या झाळकामात शिसं असतं, म्हणून ते खरवडायचं नाही. आणि चिकटलेलं तेल जाळून काढायला म्हणून समई गॅसवर किंवा चुलीत कधीच धरायची नाही. पितळ वितळायला नऊशे अंशांच्या पुढे जावं लागतं, पण झाळ दोनशेच्या आतच सुटते. तबक हातात आणि खांब चुलीत, अशी गत होईल.

भाग सुटे करा

समईचे भाग बहुधा आट्यांचे असतात. खाली बैठक, मग खांब, त्यावर तेलाचं तबक आणि शेंड्याला मोर, हंस किंवा कळस. वर्षानुवर्षांचं तेल आट्यांत सुकून डिंकासारखं झालेलं असतं. जोर लावू नका. कडकडीत गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग जाड फडकं गुंडाळून डावीकडे फिरवा. नाही सुटलं तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब आट्यांत सोडून रात्रभर ठेवा. पक्कड थेट पितळेवर लावली तर दातांच्या खुणा जन्मभर राहतात. आणि काहीच करून नाही सुटलं, तर तसंच राहू द्या. जोडलेली समईसुद्धा उजळते.

मळ दोन तऱ्हेचा असतो

आता मुख्य गोष्ट. बहुतेक घरांत समई काढली की सरळ चिंच चोळायला सुरुवात होते. हात दुखेपर्यंत घासतो आणि समई तशीच काळपट. मग आपण म्हणतो, पितळच हलकं आहे. पितळ हलकं नसतं, क्रम चुकलेला असतो.

समईवर दोन थर असतात. वरचा थर जळक्या तेलाचा आणि काजळीचा. खालचा थर पितळ हवेने आणि दमटपणाने काळवंडलेला. चिंच खालच्या थरावर काम करते. पण वर तेल असेल तर चिंच पितळेपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी तेल, मग काळेपणा.

तेल काढायला धुण्याचा सोडा घ्या, किराणा दुकानात मिळतो तोच. खाण्याचा सोडा इथे फारसा कामाचा नाही. प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर गरम पाणी, त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. सुटे भाग तासभर बुडवून ठेवा. हातात मोजे घाला, नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी चालेल, कारण हा सोडा हाताची कातडी सोलतो. मग नारळाच्या शेंडीने घासा, नक्षीत जुना दात घासायचा ब्रश चालवा. खोल रेघांमधली काजळी बांबूच्या किंवा उदबत्तीच्या काडीने काढा. सुई, खिळा, सुरी नको. तारेची घासणी तर मुळीच नको, तिचे ओरखडे जात नाहीत.

एका वेळेला नाही निघालं तर पाणी बदलून पुन्हा तासभर ठेवा. जोर वाढवू नका, वेळ वाढवा. पाणी समईवरून घसरून न जाता सगळीकडे सारखं पसरायला लागलं, की समजा तेल गेलं.

आता चिंच

मूठभर जुनी चिंच गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा, दाट कोळ करा आणि त्यात चमचाभर मीठ घाला. हा कोळ समईला लावा आणि पाच ते दहा मिनिटं थांबा. मग हाताने किंवा सुती फडक्याने चोळा. आता बघा, काळं कसं सुटतं ते. चिंच नसेल तर लिंबाच्या पिळलेल्या साली आणि मीठ, आंबट ताक, भिजवलेल्या आमसुलांचा चोथा, यांतलं काहीही चालतं. कोकणातल्या मैत्रिणी आमसुलं वापरतील, देशावरच्या चिंच. काम एकच, आंबटपणा काळा थर विरघळवतो.

पण घड्याळ बघा. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवली तर जास्त उजळेल, असं नाही. पितळेत तांबं आणि जस्त आहे म्हटलं ना? आंबटात फार वेळ राहिलं की वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबं मागे राहतं. समईवर गुलाबी डाग पडतात. असे डाग कुठे दिसले तर घाबरू नका, बहुधा ते वरवरचे असतात, पुढच्या घासण्यात हळूहळू जातात. पण मुद्दाम पाडायचे कशाला?

सांध्यातल्या हिरव्या डागांवर लिंबू-मिठाचा कापूस दाबून ठेवा, दोन-तीनदा करा. ती हिरवी बुरशी नाही, तो तांब्याचा गंज आहे आणि तो पोटात जायला नको. म्हणून तो कोरडा खरवडून धूळ उडवायची नाही, नेहमी ओला करूनच काढायचा. मुलांना त्या वेळी जवळ बसवू नका.

मग भरपूर पाण्याने धुवा, शेवटी थोड्या साबणाने. मीठ किंवा आंबटपणा रेघांत राहिला, तर आठ दिवसांत तिथेच पुन्हा हिरवं येतं.

इथे एक कडक सूचना. संडास धुण्याचं ॲसिड काहीजणी पितळेला लावतात. "दोन मिनिटांत लख्ख होतं," म्हणतात. मैत्रिणींनो, लावू नका. पितळ खाल्लं जातं, हात भाजतात आणि वाफ छातीत जाते. आणि तेच ॲसिड ब्लीचिंग पावडरीत मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद मोरीत तो जीवावर बेततो. दिवा उजळायला जीव धोक्यात घालायचं कारण नाही.

झळाळी किती आणायची?

एवढं झाल्यावर समई पिवळी दिसेल, पण थोडी निस्तेज. झळाळीसाठी गोवरीची राख वस्त्रगाळ करा, लिंबाच्या रसात कालवा आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्याने गोल गोल चोळा. बाजारातली पितळेची पावडर किंवा पॉलिशचं मलमही चालेल. वीटकरीची भुकटी आणि रांगोळी मात्र नको. त्या दोन्ही पितळेला बारीक चरे पाडतात आणि चऱ्यांमध्ये काळं लवकर बसतं. म्हणजे या वर्षी जोरात घासली तर पुढच्या वर्षी दुप्पट घासायची.

नावाच्या जागेवर राखसुद्धा फिरवू नका. तिथे नुसतं चिंचेचं पाणी आणि फडकं पुरे. आणि नक्षीच्या खोल रेघांत थोडा काळसर रंग उरला तर राहू द्या. मोराचं पीस उठून दिसतं ते त्या काळ्या रेघेमुळेच. सगळं सारखं पिवळंधमक झालं की नक्षी दिसतच नाही.

मग लगेच कोरड्या फडक्याने पुसा. पोकळ खांबातलं आणि आट्यांतलं पाणी निथळू द्या. पाऊस आहे, ऊन मिळेल तेव्हा तासभर ठेवा. ऊन नसेल तर चुलीच्या उबेला, पण आगीवर नाही.

रंग, वार्निश आणि स्प्रे

आता त्या सोनेरी स्प्रेबद्दल. जिथे खरोखर वात पेटणार आहे तिथे रंग नको. तबकाच्या कडेला ज्योतीची धग लागते, रंग मऊ होतो, काळा पडतो, पोपडे धरतो आणि तेलात उतरतो. शिवाय वास येतो तो वेगळाच. आणि एकदा रंग दिला की खाली खरं पितळ आहे हे नातवंडांना कळणारही नाही. रंगवलेली समई हलक्या दिव्यासारखीच दिसते आणि तशाच भावात जाते.

बाजारातल्या नव्या समयांवर पुष्कळदा पारदर्शक वार्निश असतं. ते दुकानात शोभा टिकवण्यासाठी असतं. नुसत्या शोकेसमध्ये ठेवायच्या दिव्याला ते ठीक. पेटवायच्या दिव्यावर ते पिवळं पडून ठिकठिकाणी निघतं आणि समई डागाळलेली दिसते. ते गरम सोड्याच्या पाण्यात बऱ्याचदा सुटतं. थिनर वापरावा लागला तर अंगणात, आणि आसपास चूल, उदबत्ती काही नको.

मग झळाळी टिकवायची कशी? बैठकीला आणि खांबाला खोबरेल तेलाचं अगदी पुसट बोट फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पूजेनंतर दर वेळी तबकातलं उरलेलं तेल काढून टाका, टिपून घ्या. समई काळी पडते ती वापराने कमी, तेल तसंच राहिल्याने जास्त. आणि ठेवताना सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमट राहतं.

कंदिलाचं वेगळं

काही मैत्रिणींनी लोखंडी कंदिलाचं विचारलं होतं. तिथे मात्र रंग लागतोच, नाहीतर गंज थांबत नाही. टाकीतलं तेल पूर्ण काढा, टोपण उघडं ठेवून काही दिवस उन्हात वाळू द्या. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने गंज घासा. ओलंच घासायचं, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ च्या अखेरीस. पुसून, पूर्ण वाळवून एक हात रेड ऑक्साइडचा, आणि तो सुकल्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात. पण वरची टोपी आणि काचेभोवतीची तार तापते, तिथे साधा रंग नको. मोटारसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा रंग तिथे चालतो.

पेटवण्याआधी

समई जोडली की जमिनीवर ठेवून हलवून बघा. डुलते का? बैठकीला पोचा असेल तर तेल भरल्यावर ती कलंडू शकते. आटे ढिले असतील तर आट्यांवर कापसाचा धागा दोन-तीन वेढे गुंडाळून घट्ट बसवा. तबक काठोकाठ भरू नका. खाली ताट ठेवा, पडद्यापासून आणि पदरापासून लांब. आणि झाळ गळत असेल तर ते काम घरी करू नका, ते भांडी झाळणाऱ्या कारागिराचं. त्याला मात्र आधीच सांगा, चाकावर धरू नका, नाव जाता कामा नये.

आता मोडीचं. काही वेळा पैशाची अडचण असते, समई द्यावी लागते. त्यात लाज काही नाही, ते आपलं धन आहे आणि अडचणीलाच असतं. पण देण्याआधी घरी किंवा किराणा दुकानात वजन करून लिहून ठेवा. तेलकट, काळी समई नेली तर मळाची घट धरतात, स्वच्छ नेली तर वजन आणि धातू दोन्ही स्पष्ट दिसतात. दोन ठिकाणी भाव विचारा. आणि नावाचा छाप घेतल्याशिवाय घराबाहेर काढू नका. पितळ पुन्हा घेता येईल, तो छाप पुन्हा मिळणार नाही.

आमच्या गटाने या रविवारी दुपारी सगळ्यांच्या समया एकत्र उजळायचं ठरवलंय. सोडा आणि चिंच आम्ही आणतोय, तुम्ही आपापली फडकी आणि ब्रश आणा. सुटे भाग आपापल्या ताटात ठेवायचे, म्हणजे एकीचा मोर दुसरीच्या खांबावर बसणार नाही. घरातल्या लेकीसुनांना बरोबर घ्या, आणि मुलगेही चालतील, घासायला हात लागतातच. पेन्सिल आणि कागद विसरू नका. तळावर ज्या ज्या आज्यांची नावं सापडतील, ती पुढच्या कार्यक्रमात आपण वाचून दाखवू.

येतो मग. चिंच आज रात्रीच काढून ठेवा.